जाब कुणाला विचारायचा

प्रभाताईंना काळजी करायला कारण लागत नसे. सगळं सुरळीत चाललं असलं, तर एवढं सुरळीत कसं, याचीच त्यांना काळजी लागे. घरातून निघताना गॅसचं बटण त्या दोनदा चाचपून बघत, आणि रिक्षा सात रस्त्याच्या चौकापर्यंत पोचली की नवऱ्याला विचारत, "अहो, गॅस बंद केला होता ना मी?"

"केला होतास. मी बघितलं," मुकुंदराव सांगत. खरं तर त्यांनी बघितलेलं नसे. पण इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना एक कळून चुकलं होतं, की बायकोला गॅसची माहिती नको असते. कुणीतरी ठामपणे "हो" म्हणायला हवं असतं.

नळाला पाणी यायचा दिवस असला की प्रभाताई पहाटेपासून कान टवकारून बसत. मुलगा अद्वैत पुण्याहून गाडीनं निघाला की इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ असा सगळा रस्ता त्या घरी बसल्या बसल्या तुडवत. त्यांची अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. मुकुंदराव म्हणायचे, "खात्यानं सोडलं, पण बाईसाहेबांची ड्यूटी काही संपली नाही."

तर अशा प्रभाताईंचा उजवा गुडघा कामातून गेला. तेल झालं, शेक झाला, कुणी सांगितलेला पाला बांधून झाला. शेवटी जिना उतरताना त्या एक एक पायरी बसत बसत उतरायला लागल्या, तेव्हा अद्वैतनं रजा टाकली आणि त्यांना डॉक्टर इंद्रायणी मोहोळकरांच्या दवाखान्यात नेलं. इंद्रायणीबाई चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि सरळ सांगितलं, "काकू, गादी संपलीय. हाडावर हाड घासतंय. सांधा बदलू या. आता आपल्याकडे रोबोट आलाय, काम अगदी मापात होतं."

प्रभाताईंनी मुकुंदरावांकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "रोबोट करणार? मग तुम्ही काय करणार?"

इंद्रायणीबाई हसल्या. अद्वैत मात्र ओशाळला. "आई, हे आता सगळीकडे असंच करतात. माणसापेक्षा मशीनचा हात स्थिर असतो. तू उगाच डोक्यात काही घेऊ नकोस."

पण प्रभाताईंच्या डोक्यात ते आधीच जाऊन बसलं होतं. घरी आल्यावर ना जेवणात लक्ष, ना टीव्हीत. ऐन वेळी वीज गेली तर? त्यानं डावा-उजवा ओळखला नाही तर? घरातल्या मोबाइलला "अद्वैतला फोन लाव" म्हटलं की तो "अण्णा गॅसवाले" यांना लावायचा, आणि अण्णांना दर वेळी वाटायचं, सिलिंडर संपलं. एवढं साधं नाव ज्याला कळत नाही, त्याच्या हाती करवत द्यायची?

"मशीन वेगळं, मोबाइल वेगळा," मुकुंदरावांनी समजावलं.

"दोन्ही माणसंच बनवतात की."

मुकुंदरावांनी हातातला पेपर खाली ठेवला. ते म्हणाले, "मग परत जाऊन विचार. डॉक्टर काही वाघ नाहीत."

आणि खरंच, पुढच्या आठवड्यात प्रभाताई मुकुंदरावांना घेऊन परत गेल्या. ओपीडी संपेपर्यंत बाकावर बसून राहिल्या. शेवटचा पेशंट गेल्यावर इंद्रायणीबाईंनी त्यांना आत बोलावलं, चहा मागवला आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चला, दाखवतेच तुम्हाला."

आतल्या खोलीत ते यंत्र उभं होतं. ना त्याला डोळे, ना तोंड. चाकांवरचं पांढरं कपाट, त्याला एक जाडजूड वाकणारा हात, शेजारी पडदा. टेबलावर शिकाऊ डॉक्टरांसाठी ठेवलेलं प्लॅस्टिकचं गुडघ्याचं हाड होतं. इंद्रायणीबाईंनी प्रभाताईंचा हात त्या लोखंडी हातावर ठेवला आणि वर आपला ठेवला.

"हलवा. हे आपल्या आपण काही कापत नाही. मी हलवते तेव्हाच चालतं. आता पडद्यावर ही हिरवी जागा दिसतेय ना, तेवढंच हाड काढायचंय. तिच्या बाहेर ढकलून बघा."

प्रभाताईंनी ढकललं. हात हलेना, जणू कुणी पलीकडून धरून ठेवलाय.

"जोरात ढकला की!"

त्यांनी दोन्ही हातांनी रेटा दिला. हात जागचा हलला नाही. प्रभाताईंना क्षणभर बरं वाटलं, पण त्यांचं मन बऱ्या गोष्टीवर फार वेळ टिकणारं नव्हतं. "हे कधी चुकलंय?"

इंद्रायणीबाईंनी यंत्राचा हात जागेवर नेऊन ठेवला. "चुकलंय असं नाही म्हणणार. पण दोनदा मी ते बाजूला सारलं आणि हातानं ऑपरेशन केलं. मला दिसत होतं एक आणि ते सांगत होतं दुसरं."

"मग खरं कुणाचं होतं?"

"एकदा माझं. दुसऱ्यांदा कदाचित त्याचं असेल. पण मला खात्री वाटेना, म्हणून मी माझ्या हातावर विसंबले."

हे उत्तर प्रभाताईंना अपेक्षित नव्हतं. "हो" नाही, "नाही" नाही. त्यांनी पदर सारखा केला. "आणि उद्या माझ्या पायाचं काही बिघडलं, तर मी जाब कुणाला विचारायचा? ह्या कपाटाला?"

"मला," इंद्रायणीबाई म्हणाल्या. "सही माझी असते काकू. कपाटाला सही करता येत नाही."

घरी परतताना रिक्षात प्रभाताईंनी गॅसचं काहीच विचारलं नाही. मुकुंदरावांनाच चुकल्यासारखं वाटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्या दाखल झाल्या. खोलीत दोन खाटा. शेजारच्या खाटेवर आधीच एक म्हातारी पाय लांब करून बसली होती. कपाळावर गोंदण, हातात पाटल्या, अंगावर ठसठशीत हिरवं लुगडं. तिनं प्रभाताईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोंचा पाय?"

"उजवा."

"माझा डावा. म्हंजे दोघींचा मिळून एक जोड हुतोय की!" आणि ती खळखळून हसली.

तिचं नाव बाळाबाई. सांगोल्याच्या पुढच्या एका वस्तीवरची. जन्म मेंढरांमागं गेला होता. नवऱ्याच्या मागं तिनं आणि मुलानं, बिरुदेवानं, कळप सांभाळला होता. आता गुडघा वाकेना, बांधावरनं उतरता येईना, म्हणून बिरुदेव तिला घेऊन आला होता. तो चांगला उंचापुरा गडी, पण दवाखान्यात शिरल्यापासून आवाज खाली ठेवून बोलत होता, जणू जोरात बोललं तर कुणी हाकलून देईल.

"तुमास्नी भ्या वाटतंय का न्हाय?" बाळाबाईनं विचारलं.

"वाटतंय की. मला सगळ्याचीच वाटते."

"मला न्हाय बगा. लांडगा बगितलाय मी रानात, ह्या डोळ्यांनी. ती डागदरीण तर लई गुणाची पोर हाय. तिचा हात हलका असंल."

प्रभाताईंच्या लक्षात आलं की म्हातारीला यंत्राचं ठाऊकच नाही. किंवा सांगितलं असेल, पण तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. सांगावं की गप्प बसावं, हे त्यांना ठरवता येईना. बिरुदेव खाटेपाशीच बसला होता. उगाच धीराच्या बाईला कशाला भिववा, असं म्हणून त्या गप्प राहिल्या.

सकाळी त्याचंच त्यांना वाईट वाटलं. प्रभाताई अंघोळ आटोपून, दवाखान्याचा हिरवा झगा घालून बाहेर आल्या, तर शेजारची खाट रिकामी. दारात आया उभी, घाबरीघुबरी. "आत्ता हितं हुत्या हो! पहिला नंबर त्यांचाच हाय."

हळूहळू कळलं ते असं. बिरुदेव खाली औषधं आणायला गेला होता. आयेनं येऊन सांगितलं, "चला आजी, रोबोट तयार हाय." बाळाबाईनं विचारलं, रोबोट म्हंजे कोण? बाहेर बसलेल्या कुणा नातेवाइकानं हौसेनं मोबाइलवर दाखवलं: दोन पायांचा, काळ्या काचेच्या तोंडाचा लोखंडी माणूस, खोकी उचलतोय, उड्या मारतोय. बाळाबाईनं ते पाहिलं, काही बोलली नाही, आणि सगळ्यांची पाठ वळल्यावर बोचकं घेऊन चालती झाली.

बिरुदेव जिन्यावरून वर-खाली धावत सुटला. मुकुंदराव आणि अद्वैत अजून घरून यायचे होते. प्रभाताई खिडकीशी गेल्या. बाळाबाईला त्या गुडघ्यानं फार लांब जाता येणार नाही, हे दुसऱ्या कुणापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. खाली फाटकाजवळ कडुनिंबाचा पार होता, आणि पारावर हिरवं लुगडं दिसत होतं.

अंगावर शाल घेऊन, काठी टेकत त्या लिफ्टनं खाली गेल्या. ऊन चढायला लागलं होतं. फाटकाबाहेर रिक्षावाले एकमेकांना हाका मारत होते. बाळाबाई बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. प्रभाताई शेजारी टेकल्या.

"यष्टी ष्ट्यांडावर मिळती का, का हितं हात केला तर थांबती?" बाळाबाईनं त्यांच्याकडे न बघता विचारलं.

"स्टँडवरच जावं लागेल."

"मग रिक्षा बगते." पण ती उठली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "तुमाला ठावं हुतं?"

"होतं."

"मग बोलला न्हाई ते?"

"चुकलं माझं. तुम्ही घाबराल असं वाटलं."

"आता घाबरले न्हाय व्हय?" बाळाबाई उसळून म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "बाई, माणूस कापतंय तवा त्याच्या बी काळजात धस्स हुतं. हात जरा आखडता घेतंय. लोखंडाला कशाचं काय? त्याला दया असंल का?"

प्रभाताई म्हणाल्या, "नाही. दया नसते त्याला."

बाळाबाईनं आता पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं.

मग प्रभाताईंनी सगळं सांगितलं. तो लोखंडी माणूस मोबाइलमधला. इथं आहे ते चाकांवरचं कपाट. त्याला पाय नाहीत, ते उड्या मारत नाही. डॉक्टरीणबाईंनी हात लावल्याशिवाय ते जागचं हलत नाही. वीज गेली तर काय, तेही त्यांनी विचारलं होतं. डावा-उजवा कोण बघतं, तेही विचारलं होतं. त्यासाठी पायावर आधीच शाईची खूण करतात, आणि ती बाळाबाईच्या पायावर केलेली होतीच. ते चुकलं तर काय, हेही विचारलं होतं, आणि डॉक्टरांनी काय उत्तर दिलं तेही जसंच्या तसं सांगितलं. बोलता बोलता प्रभाताईंना नवल वाटलं. बाळाबाईनं विचारावं आणि त्यांच्याकडे उत्तर असावं, असंच चाललं होतं. इतके दिवस घरच्यांना ज्या शंकांचा कंटाळा आला होता, त्या सगळ्या इथं कुणाच्या तरी कामी येत होत्या.

बाळाबाई बोचक्याची गाठ चाचपत राहिली. "म्हंजे असं म्हणा की," ती अखेर म्हणाली, "आमी कळपावर कुत्रं सोडतो तसं. कुत्र्याची धाव मान्सापरीस जास्त असती. पर मालक हाकेच्या टप्प्यात पायजे. मालक निजला की कुत्र्याचा बी काय भरवसा!"

"तसंच. आणि मालकीण जागी आहे. मी बघून आलेय."

"तुमाला आता भ्या वाटत न्हाय?"

"वाटते. पण विचारायचं तेवढं मी विचारलं. आता घरी गेले, तर गुडघा आणि भीती दोन्ही घेऊन जाईन." प्रभाताईंनी काठी सावरली. "असं करा. पहिला नंबर माझा. मी जाऊन येते. तोवर तुम्ही इथं नाही, वर खाटेवर बसा. मी परत आल्यावर ठरवा. जायचंच म्हणालात, तर माझा अद्वैत तुम्हाला स्टँडवर सोडून येईल. शब्द देते."

बाळाबाईनं त्यांच्या झग्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं. "ह्या अवतारात तुमी माज्यामागं आलाव?" ती म्हणाली, आणि उठण्यासाठी हात पुढं केला. दोघींचा मिळून एक धड जोड त्या लिफ्टपर्यंत हळूहळू गेला. लिफ्टच्या दारात बिरुदेव भेटला. आईला पाहून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं, पण तो बोलला एवढंच, "आये, चप्पल कुटं हाय तुजी?"

इंद्रायणीबाईंनी सगळं ऐकलं, तेव्हा त्या बाळाबाईवर चिडल्या नाहीत. आयेवरही नाही. "हे मी स्वतः नीट समजावून सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या, आणि प्रभाताईंना आत घ्यायला सांगितलं.

प्रभाताईंनी आधीच बजावलं होतं: कमरेखाली बधिर करा, पण मला पुरती झोपवू नका. तशा त्या जाग्या होत्या. छातीपुढं पडदा लावलेला, पलीकडे काय चाललंय ते दिसत नव्हतं. भुलीचे डॉक्टर डोक्याशी बसून बीपी बघत होते. इंद्रायणीबाईंचा आवाज येत होता, सुया-चिमटे मागितल्याचा, आकडे म्हटल्याचा. मग बारीक घरघर सुरू झाली. प्रभाताईंनी मनात रामरक्षा म्हणायला घेतली आणि निम्म्यात विसरल्या.

आणि घरघर थांबली.

"काय झालं?" प्रभाताईंनी विचारलं.

"मशीन थांबलंय, काकू," पडद्यापलीकडून इंद्रायणीबाई म्हणाल्या, अगदी शांतपणे. "तुमच्या हाडावर आम्ही एक खूण लावतो, ती त्याला नीट दिसेना. म्हणून ते स्वतःहून थांबलं. मी पुन्हा खूण दाखवते, पुन्हा मापं घेते. जुळली तर पुढं जाऊ. नाही जुळली, तर माझे हात आहेतच. घाई नाही."

असं काही घडलं तर आपण किंचाळू, असं प्रभाताईंना कित्येक दिवस वाटत आलं होतं. पण झालं उलटंच. त्यांचा श्वास संथ झाला. हे यंत्र म्हणतंय, मला दिसत नाही. दिसत नाही म्हणून थांबलंय. न दिसता पुढं रेटणारी माणसं त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. साहेब पाहिले, नातेवाईक पाहिले, गाडी चालवणारे तर रोजच. आणि थांबल्यावर कुणी ते लपवलं नाही, पडद्याआडून सरळ सांगितलं. प्रभाताईंनी डोळे मिटले. पलीकडे आकडे पुन्हा सुरू झाले. "जुळलं," कुणीतरी म्हणालं, आणि घरघर परत आली.

त्यांना वर आणलं, तेव्हा बाळाबाई खाटेवर मांडी घालता न येणाऱ्या पायावर हात ठेवून बसली होती. "आलाव? पाय हाय का?"

प्रभाताईंनी पांघरूण जरा वर केलं. "आहे. पण मला अजून कळत नाही तो माझा आहे ते."

"आन् ते कपाट?"

"मध्येच थांबलं होतं. त्याला नीट दिसेना."

बाळाबाईनं हे ऐकून मान डोलवली, जशी एखाद्या बऱ्या जनावराची तारीफ ऐकून डोलवावी. मग आयेला म्हणाली, "चला, न्या मला. पर डागदरणीला म्हणावं, आदी माज्याशी बोल." आणि इंद्रायणीबाई खरंच आल्या, टोपी-मास्क उतरवून, खाटेवर बसून तिच्याशी बोलल्या. मग म्हातारी गेली.

संध्याकाळी मुकुंदराव घरी डबा आणायला गेले आणि अद्वैत आईपाशी बसला. प्रभाताईंना पायाचं दुखणं जाणवायला लागलं होतं, पण दुसरं एक जास्त जाणवत होतं. अद्वैत एवढी रजा कधीच घेत नसे. आणि रजेवर असला तरी त्याचा फोन सतत वाजत असे. या खेपेला तो वाजतच नव्हता.

"ऑफिसात काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"कुठं काय?"

"मी कानांनी नोकरी केलीय रे. न वाजणारा फोन मला ऐकू येतो."

अद्वैतनं हातातला फोन उलटा ठेवला. मग सांगून टाकलं. त्याची टीम ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची. आता उत्तरं मशीन लिहितं. निम्मी माणसं दुसरीकडे हलवली, काहींना जायला सांगितलं. त्याचं काय होणार, ते पुढच्या महिन्यात ठरणार होतं. "तुला सांगत होतो यंत्रावर विश्वास ठेव म्हणून," तो कसंनुसं हसला, "आणि मला स्वतःलाच झोप नाही."

प्रभाताईंनी त्याचा हात हातात घेतला. "मलाही एकदा यंत्रानं खुर्चीवरून उठवलं होतं. तुला सांगितलंय का कधी? मी ट्रंक कॉल जोडून द्यायचे. करकंबची एखादी बाई पंढरपूरच्या पोस्टात येऊन मुंबईच्या मुलाला कॉल लावायची आणि दुपारभर बाकावर वाट बघायची. कुणाच्या घरी बाळ झालंय, कुणाचं माणूस गेलंय, मला आवाजावरून कळायचं. मग मी पुढच्या एक्स्चेंजच्या मुलीला विनवायचे, एवढा आधी घे गं. एसटीडी आली, लोक थेट नंबर फिरवायला लागले, आणि आम्हाला वेगवेगळ्या टेबलांवर पाठवलं. मी खूप रडले. म्हटलं, कुणाचा फोन तातडीचा, हे यंत्राला काय कळणार?"

"आणि?"

"नाहीच कळत त्याला. पण ती बाई आता दुपारभर बाकावर बसत नाही, हेही खरं. माझं रडणंही खरं होतं आणि तिचं सुखही. दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही." त्या जरा थांबल्या. "आज मात्र एक वेगळं बघितलं. हे यंत्र थांबलं. कळेना म्हणून थांबलं, आणि डॉक्टर तिथं होत्या. तुमचं काय करतं?"

अद्वैतनं वर पाहिलं. "आमचं थांबतच नाही," तो हळूहळू म्हणाला. "माहीत नसलं तरी उत्तर देतं, तेही इतक्या नीटनेटक्या भाषेत की खरंच वाटावं. परवा एका माणसाला त्यानं भलताच नियम सांगितला. त्या बिचाऱ्यानं त्यावर भरवसा ठेवला. चूक आम्हाला नंतर कळली."

"मग त्यानं जाब कुणाला विचारला?"

"कुणालाच नाही. विचारणार कुणाला? त्या उत्तराखाली कुणाचंच नाव नव्हतं."

मग त्यानं लॅपटॉप काढला. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस तो आईच्या उशाशी बसून काहीबाही लिहीत होता: कुठल्या प्रश्नाला यंत्रानं थांबायचं, थांबल्यावर कुणाला हाक मारायची, आणि उत्तराखाली कोणाचं नाव असायचं. साहेबांशी तो फोनवर लांबलचक बोलला. प्रभाताईंनी झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकलं. साहेब लगेच हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत. तीन माणसं घे आणि करून दाखव, म्हणाले. नोकरी टिकेलच असं कुणी सांगितलं नाही. तरी त्या रात्री पोरगा खुर्चीतच घोरायला लागला, आणि प्रभाताईंनी आयेकडून त्याच्या अंगावर चादर घालून घेतली.

दोघींच्या नव्या गुडघ्यांनी चालायला सुरुवात केली ती एकाच दिवशी. पहिलं पाऊल टाकताना प्रभाताईंनी वॉकर इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. बाळाबाई मात्र "हुर्र, हुर्र" असं मेंढरं हाकल्यासारखं आपल्याच पायाला हाकत निघाली, आणि पॅसेजमधले सगळे हसायला लागले. दुखत दोघींनाही होतं. बाळाबाई मोठ्यानं शिव्या द्यायची, प्रभाताई मनात. निघताना बिरुदेवानं अद्वैतचा नंबर घेतला आणि मुकुंदरावांच्या पाया पडला.

अडीच-तीन महिन्यांनी तपासणीसाठी त्या पुन्हा भेटल्या. बाळाबाई काठीशिवाय आली होती. तिनं येताना ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती, आणि ती उघडायला डॉक्टरांच्या दाराबाहेरचाच बाक तिला योग्य वाटला. अद्वैतची तीन माणसांची टीम अजून चालू होती, आता त्यात चौथा येणार होता. त्याचे फोन वाजायला लागले होते. रविवारीही वाजत, आणि मुकुंदराव त्यावर कुरकुरत.

इंद्रायणीबाईंनी दोघींना एकदमच आत घेतलं. पाय वाकवून बघितले, फोटो बघितले, खूश झाल्या.

"डागदरीणबाई," बाळाबाई म्हणाली, "दुसरा बी टाका करून. आजच सांगा कवा यायचं. बांध उतरते आता मी, पर एकाच पायानं किती उतरायचं?"

"करू की. आणि काकू, तुमचा डावा?"

प्रभाताईंनी खुर्ची पुढं ओढली. मुकुंदरावांनी दाराशी उभ्या उभ्या कपाळाला हात लावला.

"करायचा आहे," प्रभाताई म्हणाल्या. "पण मला काही विचारायचंय. आता एका पायात धातू आहे. दुसऱ्याच्या वेळी त्या कपाटाला ते बघून गोंधळायला नाही ना होणार? आणि तुम्ही मध्ये सुट्टीवर गेलात, तर तेव्हा सही कुणाची? आणि ..."

इंद्रायणीबाईंनी बेल दाबली आणि चहा सांगितला.

"चार कप सांगा," बाळाबाई म्हणाली आणि पाय लांब करून बसली. "इचारा तुमी. मला बी ऐकायचंय."